१०,५५० रुपयांचं विमान

१७ डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं विमान गिरगाव चौपाटीवर उडवलं, ते १५०० फूट वर गेलं आणि खाली आलं, बघायला बडी बडी मंडळी हजर होती आणि पुढे इंग्रजांनी सगळं दडपलं, असा तो मेसेज. २०१५ साली यावर ‘हवाईजादा’ नावाचा हिंदी सिनेमाही येऊन गेला. या गोष्टीतला एक तपशील बहुतेक लोक वाचून पुढे जातात. मी मात्र तिथेच अडकतो. विमानात माणूस नव्हता, असं मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. म्हणजे आजच्या भाषेत तो ड्रोन झाला.

यंदा हा मेसेज मला पालीहून आला, नववीतल्या भाच्याकडून. मी पुण्यात कोड लिहितो आणि जमेल त्या शनिवारी पालीला जातो. दिवाळीपासून आम्ही दोघं घरी एक छोटं विमान करत होतो आणि ते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचं होतं. मागे लावायच्या तक्त्यावर ‘घरी केलेल्या विमानांचा इतिहास’ लिहायचं ठरलं. “मामा, पहिलं नाव तळपद्यांचं टाकू ना?” टाकू, म्हटलं. पण प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवू : वजन किती, ताकद कुठून आणली, पैसे किती लागले.

हे रकाने मी मुद्दाम खोडा घालायला काढलेले नव्हते. विमान करायला बसलं की दोन हिशेब एकाच वेळी चालतात, रुपयांचा आणि ग्रॅमचा. त्यातला ग्रॅमचा जास्त कडक असतो. रुपये उसने मिळतात, ग्रॅम मिळत नाहीत.

तक्त्यावरचं सगळ्यात जुनं भरलेलं नाव निघालं आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचं. १८७१ साली पॅरिसच्या बागेत त्याने पीळ दिलेल्या रबरावर चालणारं एक चिमुकलं विमान सोडलं. ते ११ सेकंदांत ४० मीटर गेलं. शेपूट कुठे आणि कशी लावली की विमान आपलं आपण सावरतं, हे त्याने दाखवून दिलं. आपल्या सनबोर्डच्या विमानाची शेपूटही त्याच तत्त्वावर चालते.

दुसरं नाव सॅम्युअल लँग्ली. हा गृहस्थ अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख होता. त्याच्या आधीच्या मॉडेलांनी त्याला अनेक वर्षं दगा दिला होता. शेवटी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीत नांगरलेल्या एका नावेच्या छतावरून त्याने आपलं पाच नंबरचं विमान सोडलं. पंखांचा पसारा ४ मीटरच्या थोडा वर, वजन सुमारे ११ किलो, आत साधारण एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आणि माणूस नाही. ते एक किलोमीटर उडालं आणि पाणी-इंधन संपल्यावर अलगद नदीत उतरलं. टेलिफोनवाला ग्रॅहम बेल तिथे हजर होता. त्याने फोटो काढला आणि त्याचं वर्णन त्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये छापून आलं.

तळपद्यांच्या गोष्टीला हसणाऱ्यांनी लँग्लीकडे जरा नीट बघावं, असं मला वाटतं. १८९५ च्या आसपास बिनमाणसाचं विमान उडणं अशक्य नव्हतं, ते पुढच्याच वर्षी उडालं. तेव्हा ‘त्या काळात कसं शक्य आहे’ हा आक्षेप मी घेणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. लँग्लीच्या विमानाचं वजन आहे, इंजिनाची ताकद आहे, फोटो आहे आणि ते विमान आज संग्रहालयात टांगलेलं आहे. मरुत्सखाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. मेसेजमध्ये सांगतात की ते पाऱ्यावर चालायचं. एक लीटर पारा साडेतेरा किलो भरतो. लँग्लीचं अख्खं विमान ११ किलोचं होतं.

मग विजेवर चालत असेल, असं भाच्याने सुचवलं. शंका चांगली होती, कारण विजेवर हवेत जाणं तेव्हा माहीत होतं. १८८४ साली रनार आणि क्रेब्ज या दोन फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ नावाची फुग्याची नौका विजेच्या मोटरवर ८ किलोमीटर फिरवून निघाल्या जागी परत आणली. तिच्या नुसत्या बॅटरीचं वजन ४०० किलोच्या वर होतं. ते फुग्याने उचललं, पंखांना ते झेपलं नसतं. आम्ही वहीत गणित मांडलं. आमच्या विमानाची बॅटरी ११.१ व्होल्ट, २.२ अँपिअर-तास, म्हणजे साधारण २४ वॉट-तास, आणि तिचं वजन १८० ग्रॅम. हीच ऊर्जा शिशाच्या बॅटरीत भरायची तर किलोला ३० वॉट-तास धरून ८०० ग्रॅम लागतात. आमचं अख्खं विमान ६५० ग्रॅमचं आहे.

‘प्राचीन’ विमानांचं खरोखर पार्ट-लिस्टसारखं काही हाताशी आहे ते ‘वैमानिक शास्त्र’ या पोथीत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली ती घेऊन रीतसर तपासली. पोथी १९०४ च्या आधीची नाही, असं त्यांना आढळलं. तिच्यातली चित्रं १९२३ मध्ये बेंगळुरूतच काढलेली होती. त्यांनी त्या विमानांची मापं आणि वजनं मांडली, गणित केलं आणि ही विमानं उडणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. मला त्या पाच जणांचं कौतुक वाटतं. त्यांनी टिंगल न करता पोथीतला आकडा घेतला आणि त्याला विमानाचा आकडा म्हणून तपासलं. दावा करणाऱ्याला याहून जास्त मान देता येत नाही.

आता पैशाचा रकाना. लँग्लीचं छोटं विमान उडाल्यावर अमेरिकेच्या युद्धखात्याने त्याला माणूस बसेल असं विमान करायला ५०,००० डॉलर दिले. त्याने उत्तम इंजिन करवून घेतलं, छोट्या विमानाचंच मोठं रूप केलं आणि ते नावेवरून दोनदा नदीत पडलं. दुसऱ्यांदा पडलं ते ८ डिसेंबर १९०३ ला. बरोबर नऊ दिवसांनी राइट बंधू किटी हॉकला उडाले. त्यांचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता आणि तो सायकलच्या दुकानातून आलेला होता.

ही तुलना पैसेवाला विरुद्ध गरीब अशी सांगायची पद्धत आहे. मला ती तशी वाटत नाही. दोघांनी पैसे कशाच्या आधी कशाला घातले, हे बघण्यासारखं आहे. लँग्लीने आधी इंजिनावर खर्च केला. राइट बंधूंनी १९०० साली पंधरा-एक डॉलरच्या सामानात बिनइंजिनाचं ग्लायडर केलं. १९०१ मध्ये पंखांचे आकडे जुळेनात, तेव्हा घरीच लाकडी खोक्याचा वाऱ्याचा बोगदा करून पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने तपासले. १९०२ मध्ये नव्या ग्लायडरवर शेकड्यांनी झेपा घेतल्या. इंजिन सगळ्यात शेवटी आलं, तेही बाजारात मिळेना म्हणून त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत घडवलं. वळायचं कसं आणि उतरायचं कसं हे त्यांना पडून-झडून आलेलं होतं, आणि प्रत्येक पडणं खिशाला परवडणारं होतं. लँग्लीचं पडणं वर्तमानपत्रात छापून यायचं.

आपल्याकडे हा रकाना खरोखर भरलेला बघायचा तर मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला जावं लागतं. तिथे कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर काही वर्षं खपून सहा आसनी विमान बांधलं. ते क्रेनने खाली उतरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. नागरी विमान महासंचालनालयाची नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि चाचणीचं उड्डाण २०२० मध्ये धुळ्याला झालं. गच्चीवर सुटे भाग जिन्याने नेता येतात, जोडलेलं विमान जिन्याने खाली येत नाही. भाच्याने तक्त्यावर क्रेनचं चित्र काढलं, ते सगळ्यांत चांगलं जमलं.

आमचं विमान या सगळ्यांपुढे किरकोळ आहे. पण ते १०,५५० रुपयांत झालं, आणि ते तेवढ्यात का झालं याला एक इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग विमानं करणाऱ्यांनी घडवलेलाच नाही.

मोटर घ्या. आमची ५० ग्रॅमची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. हौशी लोकांच्या हातात ही मोटर आली ती सीडी ड्राइव्हमधून. २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत जगभरची मंडळी भंगारातले सीडी ड्राइव्ह फोडून आतली तबकडी फिरवणारी मोटर काढायची, जाड तारेने पुन्हा गुंडाळायची, जोरदार निओडिमियम चुंबक चिकटवायची आणि पंखा लावायची. आज आपण ४००-५०० रुपयांना घेतो ती त्याच मोटरची नात. बॅटरीची कथा तशीच. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली ती कॅमेऱ्यांसारख्या हातातल्या यंत्रांसाठी. १९५७ साली इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी रेडिओवर चालणारं विजेचं विमान पहिल्यांदा नोंदीसकट उडवलं, तेव्हा त्यांना चांदी आणि जस्ताची बॅटरी वापरावी लागली होती. चांदीची बॅटरी! नववीच्या पोराच्या प्रोजेक्टला कोण देणार?

रेडिओचा मामला सगळ्यात चिवट. अमेरिकेत १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी आठ फूट पंखांचं मॉडेल रेडिओवर उडवलं. त्याच दशकात रेजिनाल्ड डेनी या हॉलिवूडच्या नटाने मॉडेल विमानांचं दुकान काढलं. पुढे त्यातून रेडिओप्लेन ही कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात तिने तोफखान्याच्या सरावासाठी बिनमाणसाची विमानं हजारोंनी बनवली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन नावाच्या मुलीचे एका लष्करी छायाचित्रकाराने फोटो काढले आणि तिचं नशीब पालटलं. तिला आपण मेरिलिन मन्रो म्हणून ओळखतो. (हे भाच्याला तक्त्यावर हवं होतं. ताई नको म्हणाली.)

भारतात रेडिओ प्रक्षेपण म्हटलं की परवाना आलाच. २००५ च्या जानेवारीत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला. त्याचं कारण विमानं नव्हती, वायफाय होतं. आमचा रिमोट त्याच पट्ट्यावर चालतो. पूर्वी एकाच मैदानात दोघांचे रिमोट एकाच वारंवारतेवर लागले की एकाचं विमान खाली यायचं. आता रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी बांधले जातात आणि शेजाऱ्याकडे लक्ष देत नाहीत.

शेवटचा भाग मेंदूचा. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यात जायरोस्कोप आणि अॅक्सेलरोमीटर आहे, म्हणून तर फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो. हे सेन्सर गाड्यांच्या एअरबॅगसाठी, गेमसाठी आणि फोनसाठी स्वस्त झाले. २००७ मध्ये ‘वायर्ड’चा संपादक ख्रिस अँडरसन याने मुलांना रमवायला लेगोच्या किटमधून विमानाचा ऑटोपायलट केला. त्यातून हौशी लोकांचा एक गट जमला आणि आर्डूपायलट हे मोफत सॉफ्टवेअर उभं राहिलं. २०१० च्या सुमारास मल्टीवी हे दुसरं सॉफ्टवेअर आलं, ते तर निन्टेन्डोच्या वी या खेळातले सेन्सर काढून वापरायचं आणि नावातही तेच मिरवायचं. आपल्याकडे त्याच २००७ साली आयआयटी मुंबईच्या मुलांनी आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. ‘थ्री इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडकीबाहेर घिरट्या घालणारं यंत्र त्यांचंच होतं.

ते यंत्र चार पंख्यांचं, आणि भाच्यालाही आधी तेच हवं होतं. मी विमानावर अडून बसलो. चार पंख्यांच्या ड्रोनला स्वतःच्या वजनाच्या दुप्पट तरी रेटा लागतो, कारण त्याला कोणी तोलून धरत नाही. विमानाला पंख तोलतात. आपल्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त रेटाही शिकाऊ विमानाला पुरतो. म्हणजे मोटर लहान, बॅटरी लहान आणि बिल लहान.

ते बिल असं झालं. रिमोट आणि रिसीव्हर ४८००. बॅटरी १६५०. चार्जर १४००. मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी मिळून ९५०. नऊ-नऊ ग्रॅमचे चार सर्वो ४४०. चार प्रोपेलर ३२०. सनबोर्ड, बांबूच्या कामट्या, ग्लूच्या कांड्या आणि चिकटपट्टी ७८०. वायरी आणि कनेक्टर २१०. ताईने बिल बघून विचारलं, विमान ७८० चं आणि बाकीचं काय? प्रश्न अगदी बरोबर होता. रिमोट आणि चार्जर मिळून ६२०० रुपये, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे, जमीन सोडतच नाहीत. ते पाच-सात वर्षं आणि पुढच्या पाच-सात विमानांना पुरतात. म्हणून पहिल्यांदा घेताना काटकसर सनबोर्डात करावी, रिमोटात करू नये. आणि चार्जर असा घ्यावा की जो बॅटरीचे तिन्ही सेल वेगवेगळे मोजून समान भरतो. लिथियमची बॅटरी बिघडली की नुसती बंद पडत नाही, पेटते. चार्ज करताना आम्ही ती फरशीवर ठेवतो आणि कोणीतरी शेजारी बसतं.

जीपीएस आणि ऑटोपायलट पहिल्या विमानात घेतला नाही. पैसे हे एक कारण. दुसरं असं की ऑटोपायलट चुकलेल्या विमानालाही सावरून घेतो, आणि मग तोल कुठे चुकला ते कळतच नाही. आधी तोल बसवायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव भागावर खालून दोन बोटं लावायची आणि विमान आडवं राहतं का बघायचं. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. नाक जड असेल तर विमान आळशी उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं.

कायद्याचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि तिथून दोन किलोपर्यंत मायक्रो. आमचं मायक्रोत येतं. हौसेसाठी उडवायला या गटात पायलटचा परवाना लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा आणि चालू नियम बघितल्याशिवाय उडवू नये. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. म्हणजे सरकारनेच आपल्याला घरी जोडायला बसवलंय.

पालीत अडचण जागेची. बल्लाळेश्वराच्या देवळाकडे कायम गर्दी, तिकडे नावच नको. भात कापल्यावर शेतं मोकळी दिसतात, पण जमिनीतल्या ओलीवर लगेच वाल पेरलेले असतात. वालाच्या रोपांवर विमान उतरवलं तर पुढच्या पोपटीला कोणी बोलावणार नाही. शिवाय शेतांना बांध. शेवटी एका काकांचा गवताळ माळ मिळाला, समोर सरसगड. सकाळी आठच्या आत हवा स्तब्ध असते. दुपारनंतर वारा सुटतो आणि डोंगराच्या आडोशाला भोवरे घालतो.

आठ वेळा विमान नीट गेलं. नवव्यांदा वाऱ्याने उजवा पंख उचलला आणि ते माळाच्या कडेच्या सागावर आपटलं. मोटर, सर्वो, बॅटरी सगळं शाबूत. बॅटरीचं आवरण चेपलेलं किंवा फुगलेलं नाही ना, हे आधी बघितलं आणि मग तिला हात लावला. नव्या विमानाला सनबोर्ड आणि एक प्रोपेलर मिळून ८६० रुपये लागले.

प्रदर्शनाच्या तक्त्यावर तळपद्यांचं नाव पेनो आणि लँग्लीच्या मधे आहे, तिन्ही रकाने कोरे ठेवून. परीक्षक बाईंनी विचारलं, हे रिकामं का? भाचा म्हणाला, “मॅडम, पत्ता मिळाला तर भरायचंय.” मग त्याने खालच्या ओळीत आमच्या विमानाचे आकडे दाखवले : ६५० ग्रॅम, २४ वॉट-तास, १०,५५० रुपये, आणि पुढे पेन्सिलीने अधिक ८६०.